माती लागू द्या, धूर लागू देऊ नका

“आम्ही चुलीच्या धुरात वाढलो, आम्हाला कुठे काय झालं? थोडी धूळ, थोडा धूर सोसला की मूल काटक होतं.” तान्ह्या बाळांविषयी लिहिलं की पुढच्या टपालात हे वाक्य असतंच. म्हणणारी बहुधा आजी असते आणि पत्र लिहिणारी सून विचारत असते, आता मी काय करू? दुसऱ्या टोकाची पत्रंही कमी नाहीत. बाळाला मातीत बोट घालू देत नाही, फरशी दिवसातून तीनदा जंतुनाशकाने पुसतो, तरी सर्दी पाठ सोडत नाही, असं का?

दोन्ही पत्रांत घोटाळा एकच आहे. माती आणि धूर या दोघांनाही आपण ‘घाण’ म्हणतो, आणि मग एक तर दोन्ही चालवून घेतो किंवा दोन्हींना घाबरतो. बाळाच्या शरीराला मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी हा फरक समजून घ्या

बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतः शिकाऊ असते. कुणाशी लढायचं आणि कुणाला सोडून द्यायचं हे ती मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकते. तिला शिकवतात ते मातीतले, गुरांच्या अंगावरचे, आईच्या कातडीवरचे आणि दुधातले साधे जीवजंतू. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या मुलांची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. वंश आणि खाणंपिणं बरंचसं सारखं. आमिशांची मुलं घराला लागून असलेल्या गोठ्यात बागडतात. हटराइटांची शेती यंत्रांवर चालते आणि गोठे घरापासून लांब असतात. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे 5 टक्के निघालं, हटराइट मुलांत सुमारे 21 टक्के.

धूर, शिसं आणि कीटकनाशक यांच्याकडे शिकवण्यासारखं काही नसतं. धुराचे सूक्ष्म कण श्वासनलिकेच्या अस्तराला सूज आणतात आणि फुप्फुसात जंतू गिळणाऱ्या पेशींना दुबळं करतात. शिसं प्रतिकारशक्तीचा कल ॲलर्जीकडे झुकवतं. म्हणून अंगणातली माती, गोठा, कुत्रं-मांजर चालेल. खेळून आल्यावर साबणाने हात धुतले की पुरे. चूल, सिगारेट, कॉइल, फवारा मात्र चालणार नाही.

आणि ‘आम्हाला काही झालं नाही’ हे जगलेली माणसं सांगतात. त्याच घरात छाती भरून गेलेलं एखादं भावंड आजींच्या आठवणीत पुष्कळदा असतं. वाद न घालता, जवळ बसून विचारून पाहा.

लहान वयातच हे इतकं का भोवतं, तर:

- नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, आपण 12 ते 20. वजनाच्या मानाने त्याच्या पोटात आणि छातीत जाणारा भाग आपल्यापेक्षा खूप जास्त.
- फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होतात.
- रांगतं बाळ जमिनीलगतची धूळ हुंगतं, हात तोंडात घालतं. गिळलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं.

पोटात असतानाच सुरुवात करा

आईच्या रक्तातली संरक्षक प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. गरोदरपणातल्या धुराने आणि तंबाखूने बाळ लवकर जन्मण्याचा, वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. लवकर जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अपुरी मिळते. तेव्हा दिवस राहिल्याचं कळलं की या गोष्टी ठरवून टाका:

- घरात कुणीही विडी-सिगारेट ओढायची नाही. गॅलरीत ओढून आलेल्या माणसाने शर्ट बदलून, हात-तोंड धुऊनच बाळाजवळ यायचं.
- मिश्री. हिच्याविषयी कुणी उघड बोलत नाही. दात घासण्याच्या नावाखाली तोंडात जाते ती तंबाखूच, आणि तव्यावर भाजताना तिचा धूर घरभर होतो. गरोदर बाईने ती लावू नये, आणि सासूबाईंची मिश्रीही घरात भाजली जाऊ नये.
- बाळ येणार म्हणून घर रंगवायला काढणं. हौस मोठी असते, पण जुना रंग खरवडताना उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं. रंगकाम करायचंच असेल तर गर्भवतीने त्या दिवसांत दुसरीकडे राहावं, भिंत ओली करून घासून घ्यावी, आणि बाळ आणण्याआधी फरशी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी. माहेरी जाणार असाल तर आईवडिलांनाही हे आधी कळवा.

बाळंतिणीची खोली आणि धुरी

सर्वांत नाजूक जागा हीच, कारण इथे धूर प्रेमाने दिला जातो. न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा, शेपा, ऊद टाकून बाळाला धुरी देतात. खाटेखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद. हेतू चांगला आहे: ओलं बाळ गारठू नये, वास प्रसन्न यावा, किडामुंगी जवळ येऊ नये. पण त्या कोंडलेल्या खोलीतला धूर औषधी वनस्पतीचा असला तरी धूरच असतो. आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही. तो आई आणि बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना “धुरी बंद” असं तोडून सांगू नका. हेतू राखून रीत बदला:

- तेल-मालिश चालू ठेवा. अंघोळीनंतर बाळ लगेच कोरडं करून आईच्या उघड्या छातीशी घ्या आणि वरून दुलई पांघरा. शेगडीपेक्षा ही ऊब चांगली.
- ओव्याचा वास हवा असेल तर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी खोलीत टांगा, निखाऱ्यावर ओवा नको. गरम पुरचुंडी बाळाच्या अंगाला लावू नका.
- शेगडी लागलीच तर ती अंघोळीच्या पाण्यापुरती, आणि घराबाहेर.
- डासांसाठी मच्छरदाणी. कॉइल नकोच. एका कॉइलमधून जळताना निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींएवढे भरतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळलं होतं. रात्रभर दार लावून ती बाळाच्या उशाशी जळत असते.
- देवघरात तुपाचं निरांजन पुरे. उदबत्ती आणि धूप लावायचाच असेल तर खिडकी उघडून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना.

गॅस आला, बंब तसाच राहिला

उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली आणि असंख्य घरांत सिलिंडर पोहोचला. पण सिलिंडर महाग म्हणून भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी बंबावर, हे चित्र आजही गावोगाव आहे. बंब पेटवताना प्लास्टिकची पिशवी, चपलेचा तुकडा, टायरचं रबर टाकलं जातं. प्लास्टिकचा धूर लाकडाच्या धुरापेक्षाही घातक, त्यात डायॉक्सिनसारखी प्रतिकारशक्तीवर थेट घाला घालणारी द्रव्यं असतात. एकच गोष्ट बदलता येत असेल तर ही बदला: चुलीत आणि बंबात प्लास्टिक कधीही नाही.

गॅस परवडत नाही तेव्हा काय करावं, हा प्रश्न खरा आहे. क्रम असा लावा: बाळ जागं असताना आणि बाळाजवळच्या खोलीत गॅस, चूल पेटलीच तर परसात, परसदार नसेल तर चुलीला धुराडं. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलींवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळांचा तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. नंतर तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे गर्भवतींच्या घरी गॅस देऊन मोठी चाचणी झाली. धूर खूप कमी झाला, पण बाळांच्या तीव्र न्यूमोनियात स्पष्ट घट दिसली नाही. हे सांगतो ते गॅसवरचा विश्वास उडावा म्हणून नाही. गॅस आला म्हणून लस, दूध आणि बाहेरच्या हवेकडे दुर्लक्ष करू नये, एवढाच त्याचा अर्थ. आणि चूल फुंकताना बाळ पाठीशी बांधू नका. मोठ्या मुलीकडे द्या, शेजारणीकडे द्या, पण धुराच्या तोंडाशी नको.

अंगणवाडीतही एकदा डोकावून या. आहार चुलीवर शिजत असेल तर तो मुलं बसतात त्याच खोलीत शिजतो का? तसं असेल तर ग्रामपंचायतीत लेखी मागणी करा.

शिसं: न दिसणारं, पण शोधून काढता येणारं

युनिसेफने 2020 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतातल्या 27 कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात शिशाची पातळी 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा त्याहून अधिक आहे. मेंदूवरचे परिणाम सर्वांना माहीत आहेत. प्रतिकारशक्तीवरचे कुणी सांगत नाही. घरात शोधायच्या जागा:

- हळद. पिवळा रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याची भेसळ बांगलादेशात 2019 मध्ये उघड झाली. तिथल्या सरकारने धाडी घातल्या, दंड केले, आणि 2021 पर्यंत बाजारातल्या नमुन्यांमधून ते नाहीसं झालं. इच्छा असली की हे थांबतं! आपल्याकडेही हा रंग मिसळायला कायद्याने बंदी आहे. सुटी हळदपूड घेऊ नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घेऊन दळून आणा, आणि फार चकचकीत पिवळी हळकुंडं नाकारा.
- काजळ आणि सुरमा. बाजारातल्या सुरम्यात शिशाचं खनिज असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची असेल तर घरच्या काजळाची, आणि ती तळपायाला. डोळ्यांत काहीही नाही.
- रंग आणि खेळणी. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं पाहा. खेळण्यांवर आयएसआयची खूण 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे. जत्रेतली रंग निघणारी खेळणी तोंडात घालणाऱ्या वयात देऊ नका.
- भांडी. पितळेच्या पातेल्याला कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं, म्हणून कल्हईवाल्याला समोर बसवून विचारा. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट काही ठेवू नका.
- घरातला धंदा. बॅटरी दुरुस्ती, भंगार, तारा जाळून तांबं काढणं, दागिन्यांचं डाककाम असेल तर कामाचे कपडे आणि चपला घरात येऊ देऊ नका. कामावरून आल्यावर अंघोळ करूनच बाळ घ्या.
- भस्मयुक्त औषधं. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून मिळणारी, लेबल नसलेली पुडी किंवा थेंब बाळाला देऊ नका. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्त ओढून घेतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लोहाचं सिरप आशाताईंकडून मोफत मिळतं, आठवड्यातून दोनदा. ते कडवट लागतं म्हणून बाटली फळीवर ठेवून देऊ नका. सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, पालेभाजी सुरू करा.

फवारणीच्या दिवसांत

यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा चर्चा फवारणाऱ्यांची झाली. त्याच कपड्यांना बिलगणाऱ्या पोरांची झाली नाही. फवारून आलेल्या माणसाने दाराबाहेर कपडे काढावेत आणि साबणाने अंघोळ करावी. ते कपडे बाळाच्या लंगोटांत कधीही धुऊ नयेत. रिकाम्या डब्यांत धान्य, तेल, पाणी नको. द्राक्षबागेला लागून घर असेल तर फवारणीच्या वेळी खिडक्या लावा, वाळत घातलेले कपडे आत घ्या, आणि बागवाल्यांशी वेळ ठरवून घ्या. घरातली ढेकूण-झुरळांची फवारणी बाळ असताना टाळा. भेगा बुजवणं आणि आमिषाची पेस्ट बरी. पेस्ट बाळाचा हात पोहोचणार नाही अशा जागी.

बाहेरची हवा

‘समीर’ या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. त्यात 51 ते 100 ला ‘समाधानकारक’ म्हणतात. आपल्या देशाची सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. म्हणजे आपलं ‘समाधानकारक’ तिच्या मर्यादेच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतं. तान्ह्या बाळासाठी 100 ही लक्ष्मणरेषा धरा.

- हिवाळ्यात पहाटे धूर-धुकं जमिनीलगत बसतं. कोवळं ऊन द्यायला बाळाला थोडं उशिरा, हवा मोकळी झाल्यावर न्या. खिडक्याही दुपारी उघडा.
- दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावू नका, गुदमरण्याचा धोका असतो.
- हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर हेपा फिल्टरचं आणि बाळाच्या झोपायच्या खोलीपुरतं. ओझोन सोडणारं यंत्र नको. फिल्टर वेळेवर बदलणं परवडणार नसेल तर यंत्र घेऊ नका, ते पैसे मच्छरदाणी आणि गॅसला वापरा.
- झाडू मारण्याआधी ओलं फडकं.
- दिवाळीत ‘लहानांचे फटाके’ म्हणून नागगोळी आणि फुलबाजे हातात दिले जातात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलं फटाके उडवतात तेवढ्या अंतरावर हवा मोजली, तेव्हा सर्वाधिक सूक्ष्म कण नागगोळीतून निघाले, आणि फुलबाजी भुईचक्र-अनारापेक्षा पुढे होती. बाळ घरात असेल त्या वर्षी आकाशकंदील आणि पणत्यांवर दिवाळी करा.

दूध आणि लस यांविषयी शंका ठेवू नका

“माझ्या दुधातून प्रदूषण बाळाला जातं, मग वरचं दूध द्यावं का?” अजिबात नाही. काही रसायनं दुधात उतरतात हे खरं, पण त्याच दुधातली प्रतिपिंडं बाळाला धुराच्या आणि जंतूंच्या माऱ्यात सांभाळतात. सहा महिने फक्त अंगावरचं, पुढे पूरक आहारासह दोन वर्षं किंवा त्याहून जास्त.

लशीचा प्रश्न थोडा बारीक आहे. फेरो बेटांवरच्या मुलांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. डाग न पडणारी कापडं आणि नॉनस्टिक यांत वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांची पातळी पाचव्या वर्षी दुप्पट असेल, तर सातव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची प्रतिपिंडं निम्म्याच्या आसपास आढळली. यातून काही पालक “मग लस घेऊन काय उपयोग” असा अर्थ काढतात. उलट आहे. प्रदूषण लशीचा परिणाम थोडा खात असेल, तर एकही मात्रा चुकवणं परवडणार नाही. सरकारी दवाखान्यात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पंचगुणी लस मोफत मिळते. न्यूमोकोकलची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला. गोवर-रुबेला नवव्या महिन्याला आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. आणि ती फ्लोरिनयुक्त रसायनं टाळण्यासाठी स्वयंपाकाला बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा. ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी काढून टाका.

कोणती तपासणी हवी, कोणती नको

वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं लहान मुलांत सामान्य आहे. त्यासाठी प्रतिकारशक्तीचं महागडं पॅकेज करू नका, शरीरातलं विष काढणारं म्हणून विकलं जाणारं काहीही देऊ नका. डॉक्टरांकडे विशेष चौकशी करावी ती अशा वेळी:

- एका वर्षात दोन वेळा न्यूमोनिया, किंवा चार वेळा कान फुटणं;
- प्रतिजैविकं दोन महिने देऊनही आराम नाही;
- वजन वाढत नाही, अंगावर खोल गळवं पुन्हा पुन्हा येतात;
- घरात असाच आजार आधी कुणाला झाला आहे.

शिशाची रक्ततपासणी वर सांगितलेला एखादा स्रोत घरात असेल तर करा. शिरेतलं रक्त द्या, बोटाला टोचून आलेला आकडा पक्का धरू नका. पातळी 5 किंवा जास्त आली तर स्रोत शोधून बंद करणं हाच उपाय. औषधांची वेळ साधारण 45 च्या पुढे येते.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, किंवा पोट उडतंय, छाती आत ओढली जातेय, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. पोटावर चटके देणं, शेकणं यात वेळ घालवू नका.

तुमचा हक्क आणि तक्रारीची वाट

प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाषकुमार खटल्यात म्हटलं आहे. तक्रार करणं म्हणजे भांडखोरपणा नव्हे.

- उघड्यावर कचरा जाळणं: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशाप्रमाणे 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर 25,000 रुपये दंड. नगरपालिकेकडे आणि ‘समीर’ ॲपवर फोटो, जागा, वेळ घालून कळवा. सफाई कामगार पेटवत असेल तर त्याच्याशी भांडू नका, वॉर्ड अधिकाऱ्याला जाब विचारा.
- बांधकामाची धूळ: मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या सूचनांनुसार एक एकरपेक्षा मोठ्या बांधकामाभोवती 35 फुटी पत्रे, ओलं कापड आणि पाण्याचा फवारा बंधनकारक आहे. इतर शहरांत स्थानिक नियम विचारा.
- सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान: 2003 च्या कायद्याने 200 रुपयांपर्यंत दंड. दवाखाना, उपाहारगृह, रेल्वे स्थानक इथे तुम्ही थांबवायला सांगू शकता.
- कारखाना, वीटभट्टी, गुऱ्हाळ: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर त्या उद्योगाच्या संमतीपत्राची प्रत आणि तपासणीचा अहवाल मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं.
- काहीच हललं नाही तर: हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. दाद मागण्याची मुदत साधारण सहा महिने, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं.

तक्रार शक्यतो एकट्याने करू नका. वस्तीतल्या पाच-सहा लहान मुलांच्या पालकांच्या सह्या घ्या आणि अर्जात मुलांची वयं लिहा. पोचपावत्या, फोटो आणि बाळाचं लसीकरण कार्ड, दवाखान्याचे कागद एकाच फाइलमध्ये तारखेने लावून ठेवा. सुनावणीची वेळ आली तर पहिल्यांदा तारखाच विचारल्या जातात.